केळीच्या माहितीपटातले आबा

धुळे,
सोमवार, ६ मार्च १९८९

प्रिय लीलाधर,

तुझं कार्ड मिळालं. भुसावळला स्टेशनाच्या पाट्या रंगवायचं काम तुला लागलं, हे वाचून बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला, कारण साप्ताहिकासाठी या महिन्याचं परीक्षण लिहून होत नाही. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. संपादक म्हणतात, "पितांबर, शुद्धलेखन तुझं पक्कं आहे, पण मत कुठे आहे?" मत मलाही सापडत नाही.

पहिला चित्रपट कौटुंबिक. सासरा सुनेला घराबाहेर काढतो आणि शेवटी तिच्याच हातचं पाणी पिऊन मरतो. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी मात्र त्याला एवढा वेळ का लागला, याचाच विचार करत बसलो. दुसरा विनोदी. लोक खुर्च्या बडवत होते, आणि मला हसू येईपर्यंत पुढचा विनोद सुरू व्हायचा. हे छापायचं कसं? मागच्या वर्षी तू दाखवून दिलंस, की तो जाडा नट आवाजात 'मामासाहेब' म्हणतो, पण ओठांनी भलतंच काहीतरी. ते मी लिहिलं आणि आठ दिवस अर्धं धुळं नुसते त्याचे ओठ बघत होतं. नाव माझं झालं. पाचवीत तापानं तुझे कान गेले, तेव्हापासून तू माणसं डोळ्यांनी ऐकतोस. मी दोन्ही कान असून चुकतो.

तिसरा माहितीपट. मुख्य चित्रपटाआधी दाखवतात ना, सरकारी, तो. लोक तेव्हा बाहेर भजी खात असतात. मीही दारातच उभा होतो, पण नावात केळी दिसली म्हणून आत सरकलो. आधी गिरणेचं पात्र आलं, मग आपल्या गावचा रस्ता, आणि मग पडद्यावर आबा.

माझे आबा, लीलाधर. जाऊन दीड वर्ष झालं आणि तिथे भिंतीएवढे उभे. धुतलेली टोपी, खांद्यावर केळीचा घड. निवेदक सांगतो, सुधारित पद्धतीमुळे येथील शेतकरी समाधानी आहे, आणि त्याच्या आवाजाखाली आबा काहीतरी बोलत असतात. बारा सेकंद. घड्याळ लावून मोजले. त्यांचा आवाज मुळीच नाही. मागची माणसं हसतात, आबा खाली बघतात, उपरण्यानं तोंड पुसतात, आणि लगेच खताच्या गोण्या येतात.

ती मंडळी शूटिंगला आली तेव्हा मी गावात नव्हतो. आदल्याच आठवड्यात, दहावी दुसऱ्यांदा नापास होऊन, आबांशी भांडून इकडे आलो होतो. भांडण पिक्चरवरूनच. "पिच्चर पाहीसन कोनं पोट भरस रे?" हे त्यांचं माझ्याशी शेवटचं वाक्य. पुढे मी सणाला जायचो. ते ताटावरून उठत नसत, पण बोलतही नसत. आजारपणातसुद्धा मायला सांगायचे, "त्याले पानी दे." मी समोर बसलेलो असायचो.

आपल्या गल्लीतला वना त्या दिवशी तिथे होता. हसणाऱ्यांत तोही दिसतो. बाजारात भेटला तेव्हा विचारलं. म्हणाला, शूटिंगच्या साहेबांनी आबांना, तुमचा मुलगा काय करतो, असं विचारलं होतं. मग आबा काय म्हणाले? "भाऊ, आते काय याद शे? बठ्ठा हसनात, मी बी हसनू." सगळे हसले म्हणून तोही हसला, एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, चांगलंच बोलले असतील. तिसऱ्यांदा म्हणाला, जाऊ दे ना.

जाऊ दे का म्हणाला असेल?

अकरा वेळा पाहिला तो माहितीपट. दारावरचा पुना म्हणतो, "पितांबरभाऊ, केळी पिकून सडली, आता पिक्चर तरी बघा!" पण दर वेळी वेगळंच दिसतं. एकदा वाटतं, ते माझं नाव घेतात. एकदा वाटतं, मुलगा नाहीच म्हणतात. लोक हसले ते कौतुकानं की थट्टेनं? तोंड पुसलं ते घामामुळे? आरशासमोर मी तसेच ओठ हलवून पाहिले. आधी हवं ते ऐकू येतं, लगेच नको ते. परीक्षणात 'माहितीपट उद्बोधक आहे' एवढं लिहिलं आणि तेही खोडलं.

शुक्रवारी चित्रपट बदलतो. मग हा माहितीपटही पेटीत बंद होऊन दुसऱ्या गावी जाईल. म्हणून तू गुरुवारी ये. हे पत्र टपालात न टाकता भुसावळच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. खेळ तीनचा. मशीन चालवणारा चिंधाभाऊ घाईत असला की माहितीपट गाळतो, पण गुरुवारी दाखवतो म्हणाला आहे. आबांची बोली तुला ठाऊक, त्यांचे ओठ तू लहानपणापासून ओळखतोस. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही. एकच मागणं आहे. तू मनाचा मऊ आहेस, मला बरं वाटावं म्हणून दोन शब्द इकडचे तिकडे करशील. ते करू नकोस. जे असेल ते तसंच लिहून दे. शिवी असेल तर शिवी लिही. मी घर सोडल्यानंतर त्यांनी माझ्याबद्दल तेवढंच म्हटलं असेल, तर तेही मला हवं आहे.

गुरुवारी स्टँडवर उभा असेन,
तुझाच
पितांबर