ईश्वरी आणि टोपीवाला निवडुंग

रविवार, ५ मे २०२४

दानियालशी वाजलं. तो इथल्या, आखातातल्या काचघराचा मॅनेजर, झाडं मी बघतो. कॅरिबियन कोपऱ्यातल्या निवडुंगाला त्याला नुसती ‘तुर्की टोपी’ अशी पाटी हवीय. ‘विजयभाई, लोग फोटो खींचते हैं. लॅटिन कौन पढ़ता है?’ दिसतोही तसाच म्हणा — खाली हिरवा गोळा, वर लाल उंच टोपी. तिकडच्या बेटांना तुर्क हे नाव म्हणे ह्या टोपीवरूनच पडलं. म्हटलं, टोपी मोठ्या अक्षरात लिही, खाली खरं नाव राहू दे. ‘इन्शाल्ला,’ म्हणाला. म्हणजे नाही!

घरी आलो तर तिथेही नावावरूनच. ईश्वरीचा पासपोर्ट संपतोय. नमिता म्हणते, आत्ताच बापाचं नाव, आडनाव दोन्ही बदलून टाकू. सुशांतला — ईश्वरीच्या बाबांना — जाऊन चार वर्षं झाली. आमचं लग्न गेल्या जूनमधलं. ‘ईश्वरी विजयकुमार देवरे. खलास!’ मला आतून बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

ईश्वरी ताटावरून उठली. दार आपटलं.

मंगळवार, ७ मे

ईश्वरी गप्पच. तशी माझ्याशी कधी बोलते! तेरा वर्षांची पोरगी, वर्षभर मला हाकसुद्धा मारलेली नाही. ‘एक्सक्यूज मी’ म्हणते. वेटरला म्हणावं तसं.

शुक्रवार, १० मे

नमिताला शुक्रवारच्या सुट्टीलाही ऑफिस. ईश्वरीला काचघरात घेऊन गेलो. ती फोनमध्ये डोकं घालून बसेल असं वाटलं होतं. पण निवडुंगापाशी थांबली. टोपीतनं गुलाबी फळं बाहेर आलीत, मिरच्यांसारखी. जुनी पाटी वाचली — मेलोकॅक्टस इंटॉर्टस, मग कंसात मिल., मग अर्ब.

‘हू इज दिस गाय? कंसातला?’

सांगितलं. मिलर, लंडनचा माळी. १७६८ साली ह्याचं नाव त्याने कॅक्टस इंटॉर्टस ठेवलं. इंटॉर्टस म्हणजे पिळलेला, ह्या शिरांवरून. तेव्हा सरसकट सगळेच कॅक्टस! पुढे १९१९ मध्ये अर्बन नावाच्या जर्मनाने त्याला मेलोकॅक्टस ह्या वंशात घातलं. मेलो म्हणजे खरबूज.

‘सो मिलर वॉज राँग. तरी नाव आहे त्याचं?’

‘इंटॉर्टस त्यानेच आधी ठेवलं ना. वंश बदलला म्हणून त्याला पुसत नाहीत.’

परत येताना अल मुंतझाच्या सिग्नलला एकदम म्हणाली, ‘माझं नाव बाबांनी ठेवलंय.’ मराठीत! माझ्याशी! मग खिडकीकडे तोंड करून, ‘आय डोन्ट वॉन्ट हिम आउट.’

सिग्नल कधी सुटला कळलं नाही. मागच्याने हॉर्न मारला.

रविवार, १२ मे

नमिताला म्हटलं, नाव बदलायला नको. भडकली. ‘दवाखान्यात काउंटरला मी उभी असते! ते विचारतात, फादर? ही म्हणते, गेले. आणि शेजारी तू उभा! मग सगळी कहाणी सांगायची. दर वेळी! तुला काय जातंय मोठेपणा घ्यायला?’

खरं आहे. मोठेपणा नाहीये पण हा. मलाही हवं होतं ते नाव. फार हवं होतं. सिग्नलचं सांगितलं नाही तिला, पोरीने विश्वासाने सांगितलेलं.

सोमवार, १३ मे

दानियालने टोपीची पाटी लावली. मी काढली. त्याने परत लावली. मी परत काढली.

गुरुवार, १६ मे

घरात अबोला. दोघी आपापल्या खोलीत. मी हॉलमध्ये टीव्ही लावून बसलो, आवाज बंद करून.

शुक्रवार, १७ मे

जेवताना ईश्वरीने स्वतःच काढलं, ‘ममा, बाबांनी ठेवलंय माझं नाव.’

नमिताचा डाव भातातच राहिला. ‘बाबांनी? त्याला अनुजा हवं होतं. ईश्वरी मी ठेवलं. बारशानंतर आठवडाभर बोलत नव्हता माझ्याशी!’

नाव कुणी ठेवलं, हे तेरा वर्षांत नमिताला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

ईश्वरीने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, ‘मग मधे तुझं नाव घाल ना. ईश्वरी नमिता.’

‘आणि आडनाव?’ नमिताने विचारलं.

‘बाबांचं राहू दे.’

माझं नाव कुठेच नाही. तरी भात दुसऱ्यांदा घेतला.