शिवमूर्तीच्या गाडीचा मुका बझर

८ एप्रिल, मंगळवार

आज लई मजेदार केस आली! उदगीरचा शिवमूर्ती, ट्रॅव्हल्सवाला. सीटचा पट्टा लावला तरी समोरचा लाल दिवा जळतोच, वर बझरची टीं-टीं. "ग्यानोबामामा, उदगीरपासून डोकं खाल्लं हिनं. वायरच तोडून टाका." म्हटलं, तोडायला लातूरपर्यंत कशाला आलास? हसला. शनिवारी हैदराबादची सवारी आहे त्याची. त्याच्या आत झालं तर पाचही गाड्या कायम माझ्याकडं — नाहीतर शोरूमला.

तो गेल्यावर चावी फिरवली. दिवा लागला, आवाज नाही! म्हणजे बझरही कधी चालू, कधी बंद. एका गाडीत दोन बिघाड — वा!

घरी बायको, रूपाली, कुरकुरली. फोन वाजून वाजून थांबतो म्हणे, उचलत नाही मी. वाजला असता तर उचलला नसता?

९ एप्रिल

सापडलं! ड्रायव्हरच्या सीटखाली लाल फडक्यात अमावस्येला पुजलेला नारळ. उन्हानं तडकला, पाणी थेट पट्ट्याच्या प्लगात. पिना हिरव्यागार! घासल्या, पुसल्या, बसवल्या. पट्टा लावला — दिवा गेला. काढला — लागला! एकट्यानंच टाळी वाजवली.

शिवमूर्तीला सांगितलं, उन्हानं प्लग खराब झाला. देवाच्या नारळावर कशाला ठपका ठेवायचा? फक्त म्हटलं, पुढचा डिकीत ठेव. त्याला बरोबर कळलं.

राहिला बझर.

१० एप्रिल

बझर मुकाच. मीटर लावला — करंट पुरा पोचून राहिलाय. अर्थिंगही ठीक. बोट ठेवलं तर थरथरतो, पण आवाज नाही! असला बिघाड कधी पाहिला नाही. जेवायचंही विसरलो.

चौकात गाडी वळली की इथं बसून सांगतो मी, बेअरिंग गेलंय का सायलेन्सर फुटलाय. या दोन कानांवर दुकान उभं केलं, शिकायला गुरू नव्हता. हा एवढासा डबा मला हरवतो काय?

नांदेडहून नवा बझर मागवला. एसटीनं येईल.

११ एप्रिल, दुपार

नवाही मुका! तसाच थरथरतो. नांदेडवाल्यानं खराब माल गळ्यात मारला. फोन करून चांगला झापतो. रूपाली डबा घेऊन येतेय, आधी जेवतो.

११ एप्रिल, संध्याकाळ

रूपाली दुकानात शिरली ती कानांवर हात ठेवूनच. "अहो, कवापासून कोकलून राहिलंय ते. बंद करा की."

मी पट्टा लावला. तिनं हात खाली घेतले. काढला. तिनं परत ठेवले.

दोन्ही बझर चांगले आहेत. शिवमूर्तीला कळवलं, गाडी तयार आहे.