आठव्या दिवशी डेलिया मावशी

११ जानेवारी, पहाटे ४:५०

…चाळीस मिनिटं फोन कानाला लावून बाथरूममध्ये उभा, पाय गारठलेले, आणि अखेर ड्रमकीन लिंक्स या गोल्फ मैदानाच्या बाईने उचलला. आयर्लंडमध्ये तेव्हा दहा वाजायला आले होते. बाई म्हणाली, एवढ्या पहाटे उठलात होय तिकडे? मी म्हटलं, घरच्यांसाठी करावं लागतं. १२ आणि १३ जून मिळाले. सलग दोन दिवस. माझा भागीदार वॉल्ट, त्याला तीन वर्षांपूर्वी एकच दिवस मिळाला होता. तो तिथे ८४ फटक्यांत आला आणि ते कार्ड फ्रेम करून त्याने आमच्या दवाखान्यात लावलं. माझे पेशंट माझ्या खुर्चीत आ करून त्याचं कार्ड बघतात.

बाहेर आलो तर नोरीन जागी. कुणाशी बोलत होतास, म्हणाली. मी म्हटलं, आयर्लंडशी. डेलिया मावशीला भेटायचंय ना तुला? ती उठून बसली. मग रडली.

खोटं एक अक्षर बोललो नाही.

नोरीन नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हा ही मावशी आयर्लंडमधल्या मेयोहून इकडे अमेरिकेत वूस्टरला आली, दोन वर्षं राहिली, नोरीनच्या वेण्या घातल्या, तिला पाव भाजायला शिकवलं आणि परत गेली. आता एक्क्याण्णव वर्षांची आहे. दोघींची भेट होऊन एकोणीस वर्षं झाली.

निश्चय: ही सहल नोरीनची. गोल्फ जमला तर.

२ फेब्रुवारी

तक्ता तयार. हिरवे चौकोन गोल्फचे, पिवळे कुटुंबाचे. नऊ दिवस, गोल्फ फक्त तीनदा. फ्रिजवर लावला. टेस म्हणाली, डॅड, हे आपल्या मागच्या लॉनसारखं दिसतंय, मध्ये मध्ये तण. सोळाव्या वर्षी मुलींना रंग कळत नाहीत.

नोरीनने विचारलं, डेलिया मावशी आठव्या दिवशी का? मी नकाशावर दाखवलं. मैदानं दक्षिणेकडून उत्तरेकडे आहेत. मावशी ड्रमकीनला, अगदी टोकाला. टेस म्हणाली, म्हणजे गुरुवार-शुक्रवार आपण तिच्या घरापासून एक मैलावर असणार आणि भेटणार शनिवारी? मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाच्या मनाची तयारी लागते.

नोरीन म्हणाली, ती एक्क्याण्णव वर्षांची आहे, गेरी. मी म्हटलं, एकोणीस वर्षं थांबली, आठ दिवस थांबेल. तिने भांडी धुवायला घेतली. पटलं असावं.

१९ मार्च

हिरवे चौकोन चार. चौथा मोजण्यासारखा नाही, वाटेवरच आहे.

मावशीच्या मुलीचा, शिवॉनचा फोन. मावशीच्या छातीत कफ झालाय, अंथरुणावर आहे. नोरीन म्हणते, मी ईस्टरलाच एकटी जाऊन येते. मी सांगितलं, तिकिटं बदलता येत नाहीत. विचारलेलं नाही, पण साधारणपणे येत नाहीत. शिवाय सगळ्यांनी मिळून जाण्यात जी मजा आहे ती एकट्याने जाण्यात नाही.

नोरीन सध्या संध्याकाळी गोधडी शिवते. माळ्यावर तिच्या आईचे फ्रॉक होते, ते कापून. मावशीसाठी. दिवाणखान्यात चालायला जागा नाही. मी एका शब्दाने बोललो नाही. पटिंगचा, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायचा सराव गॅरेजमध्ये हलवला.

६ जून, विमानतळ

सामानात गोधडी मावेना. मला सुचलं. गोल्फ बॅगेच्या प्रवासी कव्हरात स्टिक्सच्या मधे मधे कोंबली. एकही स्टिक आता दुसरीवर आपटत नाही. नोरीन बघत राहिली. मी म्हटलं, बघ, प्रत्येक गोष्टीला जागा असते.

हिरवे चौकोन पाच.

८ जून, क्लेअर

९७ फटके. वारा. नोरीन आणि टेस कड्यावर फिरायला गेल्या, असं म्हणाल्या. पिवळा चौकोन सुटसुटीत पार पडला.

९ जून, संध्याकाळी

९५. प्रगती.

जेवताना शिवॉनचा फोन. मावशीला काल रात्रीपासून श्वास लागलाय, फादर येऊन गेले. नोरीन ताट सोडून उठली. आत्ता निघू म्हणाली. तीन तासांचा रस्ता, आमच्या उलट उजवीकडे बसून चालवायचं, अरुंद वळणं. कुटुंबाची सुरक्षितता पहिली. उद्याची खेळाची वेळ ८:३० ची आहे, दुपारी एकला मोकळा, चारला मावशीच्या दारात. हे सगळं शांतपणे समजावलं. टेस म्हणाली, डॅड, फादर येऊन गेले म्हणजे काय ते कळतं ना तुला? मी म्हटलं, इथे फादर चहालाही येतात.

नोरीनने रात्रभर कोट काढला नाही. खुर्चीत बसून होती. उगाच.

१० जून

आमच्या पुढे चार स्विस होते. प्रत्येक चेंडू शोधत बसत. संपायला अडीच वाजले, मग सूप घेणं भाग होतं, उपाशी गाडी चालवू नये. ९२!

हॉटेलवर आलो तर दोघी नाहीत. हॉटेलची मालकीण स्वतःच्या गाडीने त्यांना घेऊन गेली, दुपारी दोनला. अनोळखी बाईने एवढं करायचं म्हणजे लोक खरंच चांगले आहेत. सहा वाजता मालकिणीच्या नवऱ्याने चिठ्ठी आणून दिली. नोरीनचा फोन आला होता, त्याने लिहून घेतलेलं. त्याने माझ्याकडे न बघता दिली.

डेलिया चारला गेली. आम्ही पाचला पोचलो. गुरुवारी अकराला. गोधडी घेऊन ये.

वाईट वाटलं. खुर्चीत दहा मिनिटं बसलो. मग विचार केला.

गुरुवारी अकरा म्हणजे दफन करणाऱ्या माणसाबरोबरची बैठक. पेटी कुठली, फुलं कुठली. आमच्याकडे नोरीनचे काका गेले तेव्हा फ्लोरिडावाले येईपर्यंत नऊ दिवस थांबलो होतो. दफन पुढच्या आठवड्याच्या आत शक्य नाही. मंगळवारी गेलेल्या माणसाला गुरुवारी कोण पुरतं? मुक्काम वाढवावा लागेल. त्यात एखादा हिरवा चौकोन निघेल, पण ते आत्ता बोलायचं नाही. वेळ पाहून.

११ जून

सकाळी इथलाच एक राउंड उरकला. नुसतं बसून कुणाचं भलं होणार होतं? मग उत्तरेकडे. संध्याकाळी ड्रमकीनच्या हॉटेलात. शिवॉनच्या घरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या दिसल्या, दारात माणसं उभी. घर भरलेलं. परक्याने मधे पडू नये म्हणून वळलो. नोरीनला निरोप टाकला, पोचलो, उद्या दुपारी भेटू.

टेसचं उत्तर आलं: डॅड, अकरा. मी अंगठा पाठवला. पेटी निवडण्यात नोरीनची नजर माझ्यापेक्षा चांगली.

१२ जून, दुपारी ३:४०

सगळं लिहून ठेवतो, नंतर कुणी काही म्हणायला नको.

वेळ १०:४०. सोबत खेळणारे दोघे आलेच नाहीत, मी आणि कॅडी, बॅग उचलणारा. पॅकी मुन्नेली, सत्तरीचा, काळी पँट, बूट पॉलिश केलेले. मी म्हटलं, आज अगदी नटून आलात. तो म्हणाला, साहेब, आज दुसरीकडे असायला हवं होतं, पण गेल्या महिन्यात तुम्हाला शब्द दिला होता. व्यवसायनिष्ठा. वूस्टरमध्ये हे राहिलं नाही.

भुरभुर पाऊस. बॅगेचं पावसाळी टोपण सापडेना, तेव्हा गोधडी वर टाकली. पॅकीने कोपरा बोटांत धरून पाहिला. हे भिजवण्यासारखं नाही, साहेब. मी म्हटलं, जुने फ्रॉक आहेत हो. वाळतील.

खेळ असा आयुष्यात झाला नाही. सात होलमध्ये ठरलेल्या फटक्यांपेक्षा फक्त पाच जास्त. पॅकी सांगे, डावीकडे, आणि चेंडू डावीकडे. आठव्या होलच्या हिरवळीवर पोचलो. हिरवळीला लागून भिंत, भिंतीपलीकडे शेतं आणि रस्ता, रस्ता खाली समुद्राकडे दफनभूमीत जातो. माझा पट अकरा फुटांचा. बसलो, रेघ पाहिली, उठलो, आणि पॅकीने टोपी काढली.

मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, जरा थांबा साहेब. शेजारच्या होलवरचे चौघेही टोप्या काढून उभे. रस्त्याने शववाहिका येत होती, पायी चालण्याच्या वेगाने. मागे सगळं गाव. मी पटर खाली केला. मलाही रीत कळते.

पॅकीने छातीवर क्रूस केला. डेलिया लव्हेल, म्हणाला. देव तिचं भलं करो. आमच्या आईच्या आठही बाळंतपणांना तीच होती.

मी म्हटलं, लव्हेल? ती तर माझ्या बायकोची मावशी.

पॅकीने माझ्याकडे पाहिलं. पावसातसुद्धा त्याचे डोळे मिटत नव्हते. मी समजावलं, आमच्याकडे आठवडा तरी जातो, लोकांना विमानाने यायचं असतं. तो म्हणाला, असं होय? मग म्हणाला, आणि हे पांघरूण कुणाचं? मी म्हटलं, तिचंच. म्हणजे तिला द्यायचं होतं. शनिवारी.

त्याने बॅग खाली ठेवली. गोधडी काढली, दोनदा झटकली, चार घड्या घातल्या, कोटाच्या आत धरली आणि सत्तरीचा माणूस भिंत ओलांडून शेतातून पळत गेला.

अंतर मोजायची दुर्बीण माझ्या गळ्यात होती. लावली. शववाहिकेच्या लगेच मागे नोरीन. कुणाचातरी काळा कोट, हात बाहीच्या आत बुडालेले. सत्त्याऐंशी यार्ड. पॅकीने गोधडी तिच्या हातात दिली. काहीतरी बोलला, भिंतीकडे बोट केलं. गाडी थांबली. सगळं गाव थांबलं आणि वळलं. शववाहिकेचं मागचं दार उघडून नोरीनने गोधडी पेटीवर अंथरली. पेटी बंद होती. आत ठेवायची म्हणून तिने शिवली नव्हती, हेही खरं.

मग तिने इकडे पाहिलं. मी हात वर केला. हातात पटर होता. एवढ्या लांबून तिला दिसलं नसावं. टेसला दिसलं. सत्त्याऐंशी यार्ड, दुर्बिणीत चेहरा अगदी जवळ येतो. दुर्बीण खाली केली.

मिरवणूक गेली. माझ्या मागचे खेळाडू खोळंबले होते. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. पट मारला. अकरा फूट, सरळ आत.

पुढचे दहा होल बॅग मीच वाहिली. पॅकी परत आला नाही. भर राउंडमध्ये कॅडी सोडून जातो याची लेखी तक्रार करणार आहे.

८३.

त्र्याऐंशी! वॉल्टपेक्षा एक कमी. अडचण एकच. कार्डावर सोबत्याची सही लागते, नाहीतर तो नुसता कागद. पॅकीच करणार होता. मैदानाच्या दुकानात गेलो. बाई नुकतीच बाहेरून आलेली, अंगावर काळे कपडे. आवाज ओळखला, जानेवारीत फोनवर होती तीच. मी म्हटलं, एक सही हवी. ती म्हणाली, मी इथे नव्हते. मी म्हटलं, नुसती औपचारिकता. तिने पेनाला टोपण लावलं.

१२ जून, संध्याकाळी

शिवॉनच्या घरी जाऊन आलो. जायलाच हवं होतं. हॅम, सँडविच, चहा. दारापासून ओळीने बसलेले पुरुष, एकेकाने माझा हात हातात घेतला, वाईट झालं म्हणाले. अतिशय सुसंस्कृत लोक. शेवटच्या म्हाताऱ्याने हात सोडलाच नाही. काय हो, कितीत आलात? मी हळूच म्हटलं, त्र्याऐंशी. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, त्र्याऐंशी म्हणतायत पाहुणे. खोलीत कप खाली ठेवल्याचे आवाज. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, डेलियाने एक्क्याण्णव केले. कुणी हसलं नाही. इथल्या लोकांचा विनोद कळायला वेळ लागतो.

शिवॉन स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. म्हणाली, आईला सांगितलं होतं, नोरीन शनिवारी येतेय. परवाचा नाही, तुम्ही उतरलात तोच शनिवार तिने धरला. सकाळी सातला चांगला स्वेटर घालून खिडकीत बसली. रविवारीही. मी म्हटलं आई, पुढचा शनिवार. ती म्हणाली, जवळ येऊन कुणी लांब राहतं का, वाटेत असतील. सोमवारी तिला उचलून बसवावं लागलं. केस विंचरून दे म्हणाली, आल्यावर पोरीला वेणी घालायचीय.

मी म्हटलं, तुम्ही तिची फार छान काळजी घेतलीत.

नोरीन मागच्या दारात उभी होती, तोच मोठा कोट. मी म्हटलं, मला वाटलं बैठक आहे. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, निदान गोधडी वेळेत पोचली. ती म्हणाली, पॅकी मुन्नेलीचे बूट चिखलाने खराब झाले, मी ते पुसून दिले. एवढंच. भांडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणजे समजून घेतलंय.

आज इथेच राहते म्हणाली. थकलेय. उद्या सगळं सुरळीत होईल. तक्त्यात शनिवारचा पिवळा चौकोन आता रिकामा पडला, तो नोरीनला देईन. तिला हवं ते करू.

१३ जून

आठ वाजता टेस आली. शिवॉनची गाडी, इंजिन चालूच. दोघींच्या बॅगा आणि दोघींचे पासपोर्ट मागून घेतले. मी तिकिटांचं विचारलं. म्हणाली, मॉमने काल विचारून ठेवलंय, बदलता येतात. वेळ ९:१० ची होती. कॅडी कुणी मोकळा नव्हता. बॅग खांद्याला लावून एकटा गेलो. चालताना स्टिक्स एकमेकींवर आपटत होत्या.