वगळलेली ओळ

भद्रावती,
१२ सप्टेंबर

प्रिय लोकेश,

फोन केला असता तर तू उचलला असतास, आणि मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता. तुझ्या आईच्या मातीला आलो तेव्हाही मी तेच केलं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास आणि मी नुसता तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. म्हणून लिहितो आहे. हा चौथा कागद आहे, आधीचे तीन फाडले.

घरी तसं ठीक आहे. बाबा डिसेंबरात फॅक्टरीतून निवृत्त होतील, मग कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागेल. मयुरीला पाचवा महिना लागला, मी बाप होणार. ती रोज विचारते, जेवत काऊन नाई. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

चंद्रपूरला आपण एका खोलीत राहायचो, तेव्हा ते सॉफ्टवेअर तूच शोधलं होतंस. फुकट, आणि कुणीही उघडून आतलं वाचावं असं. दूरदूरच्या लिनक्स मशिनांची नावं एका फाइलीत ओळीने लिहायची. एक हुकूम सोडला की तो यादीतल्या प्रत्येकापर्यंत पोचतो. पुढे आपल्या आरोग्य-संस्थेने जंगलातल्या सत्तावीस दवाखान्यांत छोटी मशिनं ठेवली, तेव्हा ती यादीही तूच लिहिलीस. तुमच्या गावचं मशीन बसवायला आपण एटापल्लीहून मोटरसायकलवर गेलो होतो, बॅटरी तुझ्या मांडीवर. आईने आंबील दिली आणि विचारलं, हे डबडं कोणाशी बोलते? तू म्हणालास, चंद्रपूरशी. गावातले लोक नाही म्हणत होते, डॉक्टर द्या, डबडं नको म्हणत होते. तू सांगितलंस म्हणून त्यांनी ते ठेवू दिलं. मग तू हैदराबादला नोकरीला गेलास आणि यादी माझ्या हातात आली.

काम तुला माहीतच आहे. दवाखान्यातली सिस्टर औषधांच्या साठ्याची नोंद मशीनमध्ये करते. रोज सकाळी सात वाजता माझं मशीन यादीतल्या सगळ्यांना साठा विचारतं आणि त्याचा तक्ता औषध-भांडाराकडे जातो. ज्याने उत्तर दिलं त्याची ओळ हिरवी, ज्याने दिलं नाही त्याची लाल. लाल ओळीत जुनाच आकडा तसाच राहतो.

जूनच्या शेवटी वीज पडून तुमच्याकडचा टॉवर गेला. नऊ दिवस ती ओळ लाल होती. आमच्या ऑफिसच्या प्रमुख चंचल मॅडम रोज विचारायच्या, आणि त्यात काम बघायला मुंबईहून पाहुणे यायचे होते. मॅडमनी मला काही लपवायला सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्या एवढंच म्हणाल्या, "निकेश, ह्या एका लालचं काहीतरी कर." मी यादी उघडली आणि तुमच्या गावच्या ओळीच्या आधी एक चिन्ह टाकलं, म्हणजे हुकूम तेवढी ओळ सोडून पुढे जातो. तक्त्याचा रंगही हाताने बदलला. तक्ता हिरवागार झाला. सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या, बारा. पाहुणे खूश होऊन गेले. ६ जुलैची गोष्ट.

विसरलो असं लिहिलं असतं तर सोपं झालं असतं. पहिल्या तीन कागदांवर तेच लिहिलं होतं. पण जुलैच्या शेवटी एक नवं नाव घालायला मी यादी उघडली, तेव्हा ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. टॉवर सुरू झाल्याचंही मला माहीत होतं. पण विजेत मशीनही गेलं असेल आणि चिन्ह काढल्यावर ओळ पुन्हा लाल आली, तर इतके दिवस हिरवी कशी होती, हे कुणीतरी विचारलं असतं. मी फाइल बंद केली.

१६ ऑगस्टला धानाच्या रोवणीत आईला घोणस चावली. तू हैदराबादहून पोचलास तेव्हा सगळं संपलं होतं. दवाखान्यात लस नव्हती, आणि पुढच्या दवाखान्याच्या वाटेवर नाल्याला पूर होता, हे तुला गावाने सांगितलं. मग भांडाराचा तक्ता बाहेर आला. त्यात बारा कुप्या. मग त्या गेल्या कुठे? अन्नपूर्णा सिस्टरने विकल्या, असं आधी कुणीतरी म्हणालं, मग सगळेच म्हणायला लागले. तिच्या खोलीचं दार फोडलं, सामान चिखलात टाकलं. तू त्यात नव्हतास, हे मला कळलं आहे. ती आता पोंभुर्ण्याला भावाकडे आहे, निलंबित.

मातीहून परतल्यावर मी ते चिन्ह काढलं आणि एकट्या त्या मशीनला हुकूम सोडला. त्याने लगेच उत्तर दिलं. लोकेश, ते सुरूच होतं. एकेचाळीस दिवसांच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या. जुलैत तुमच्या गावच्या बुधूला आणि एका बाईला साप चावला, दोघं जगले, कुप्या त्यांनाच लागल्या. त्यानंतर रोज शून्य. शून्याच्या पुढे सिस्टरने लिहिलं आहे, लस पाठवा. एका दिवशी लिहिलं आहे, भांडाराला फोन केला, ते म्हणतात तक्त्यात बारा आहेत. शेवटची नोंद १६ तारखेची, सकाळी अकरा वीसची. "नीलाबाई, वय ५२, सर्पदंश. लस शून्य. कोणी पाहून राह्यलं असन तर गाडी पाठवा."

मी तेव्हा ऑफिसातच होतो. त्या मशीनपासून माझ्या खुर्चीपर्यंत पोचायला त्या वाक्याला एक क्षणसुद्धा लागला नसता.

मंगळवारी एटापल्लीला चौकशी आहे आणि सिस्टरविरुद्धच्या गावाच्या अर्जावर पहिली सही तुझी आहे, हे काल कळलं. म्हणून आजच लिहितो आहे. मी माझं लेखी निवेदन दिलं होतं. मॅडमनी ते ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, नेटवर्कचा बिघाड एवढंच लिही, तुझं लेकरू यायचं आहे. मी ते लिहिलं नाही. पण माझा कागद पुढे जाईल याची आता खात्री नाही. म्हणून एकेचाळीस दिवसांच्या नोंदी छापून या पाकिटात घातल्या आहेत, निवेदनाची प्रतही आहे. मंगळवारी मी स्वतः येईन. तू माझ्याकडे पाहू नकोस, बोलू नकोस, मारलंस तरी चालेल. माफी मागायला हे पत्र नाही. अन्नपूर्णा सिस्टरने आईचा हात शेवटपर्यंत धरून ठेवला होता, हे तू तिच्याकडूनच ऐकायला हवंस. अर्जातलं तिचं नाव खोड. तिथे माझं लिही, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

तुझाच म्हणायला हात धजत नाही,
निकेश