उजव्या चाकाची घूं घूं

सोमवार, दिवेलागण. उस्मानाबाद, फसली १३५४ (इंग्रजी १९४५)

आज मालकांशी उघड भांडलो. लारीची घूं घूं डिफरन्शियलची, मागच्या आसाच्या मधल्या दातेरी चाकांची, असं ते आठ दिवस म्हणतायत. मी म्हणतो, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग. तुळजापूरच्या घाटात डाव्या वळणावर भार उजवीकडं जातो, घूं घूं वाढते. उजव्या वळणावर दबते. डिफरन्शियल असं वळण बघून ओरडतं व्हय?

"बैलगाड्यांत हयात गेली माझी. मला चाक शिकवू नको."

मग त्यांच्यासमोरच चाक उतरवलं. आत ग्रीस न्हाईच. एरंडेल आणि काजळीचं काळं वंगण, बैलगाडीच्या आसाला घालतात तेच. बेअरिंगचे छर्रे खरवडून गेलेले.

"हे कुणी भरलं, मालक?"

ते म्हणाले, "उद्या मंगळवार, देवीचा वार. यात्रेकरू थांबायचे न्हाईत. तसंच बसव आन् हाण."

बसवलं न्हाय. जास्त बोललो का मी? बोललो असेन. पण घाटात चाक निखळलं तर मागं बसलेल्या बायापोरांचं काय? ती घूं घूं अजून कानात आहे.

दुसरा ड्रायव्हर बोलावतो म्हणाले. बोलवा. लारी तीन चाकांवर उभी आहे, आणि बेअरिंग या वहीशेजारी.