सिवर्टने भरलेली शेवटची टाकी

२४ एप्रिल

होडीघराचं दार उघडलं आणि सुस्स आवाज! वाटलं, कुठे गॅस राहिला की काय. नाही — सिवर्टची टाकी, पाण्याखाली श्वास घ्यायची हवा भरलेली. साबणाचं पाणी लावून पाहिलं. नळ टाकीला बसतो तिथे, मानेशी, बारीक बारीक बुडबुडे.

चिकटपट्टीवर अजून त्याचं वाकडं अक्षर आहे. तारीख, आणि हवेचा दाब, २०० बार. सहा वर्षं झाली. त्यानंतर तो समुद्रात उतरलाच नाही आणि एकेक करून आम्हा सगळ्यांना विसरला.

पाना घेतला, नळ आवळला. सुस्स चालूच.

२५ एप्रिल

ओडवर आला. पाणबुड्यांच्या क्लबात सिवर्टचा जोडीदार होता, चाळीस वर्षं त्याच्याबरोबर बुड्या मारल्या. मी काय केलं ते सांगितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक!

"भरलेल्या टाकीवर पाना? गुन्वोर, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आटे सुटले असते तर नळ छप्पर फोडून गेला असता — आणि वाटेत तू होतीस!"

मला काय शिकवतोय! आधी हवा सोडायची, मगच पान्याला हात लावायचा, हे क्लबात नव्या लोकांना मीच ओरडून सांगायचे. लाज वाटली. मेलीच असते.

खरं कारण त्याला सांगितलं नाही. मला ती हवा सोडायची नव्हती. सिवर्टने भरलेली आहे ती.

"पुढच्या शनिवारी येतो," म्हणाला. "तोवर होडीघराला कुलूप. आणि ठेवून करणार काय? आत गंज धरला असेल तर त्याने प्राणवायू कधीच खाऊन टाकलाय. ती हवा कुणाच्या कामाची नाही."

माझ्या कामाची आहे की!

२७ एप्रिल

आज नुसती बसून राहिले. नाताळच्या आधी सगळा क्लब शिंपल्यांसाठी बुड्या मारायचा, गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायला. आदल्या दिवशी टाक्या भरायच्या. सिवर्ट लोकरीची टोपी घालून हवा भरायच्या यंत्रापाशी, टाकी थंड पाण्याच्या पिंपात. कुणी घाई केली की म्हणायचा, "हळू! घाईने टाकी तापते, आणि गुन्वोरही!" सगळे खो खो हसायचे. मी रागावल्याचं सोंग करायचे.

नळांची रबरी कडी मी बदलायची. दुसऱ्या कुणाला तो हात लावू द्यायचा नाही. एवढा मान मला कुणीच दिला नाही.

२८ एप्रिल

शुश्रूषागृहात जाऊन सिवर्टला भेटून आले. म्हणाला, "बाई, निघा आता, तुमची बस चुकेल."

२ मे

सोडली.

ओडवरने टाकी बाहेर गवतावर नेली, नळ किंचित उघडला. पाऊण तास लागला. नळावर पांढरं दव धरलं. मी वाऱ्यात हात धरला — थंडगार. मग रडायलाच आलं, चांगलं मोठ्याने. ओडवर पाठ फिरवून समुद्राकडे बघत राहिला. भला माणूस.

पूर्ण रिकामी झाल्यावरच नळ काढला. आतलं रबरी कडं वाळून तडकलेलं होतं, बोटाने दाबलं तर तुकडा पडला. टाकीच्या तळाशी गंज. नळावर माझ्या पान्याचे ओरखडे, म्हणून ओडवरने नवा बसवला. दाबाची चाचणी झाल्याशिवाय भरायची नाही, असं मला तीनदा बजावलं. मग कॉफी आणि वॅफल, तपकिरी चीज घालून. जुना नळ मी खिशात टाकला.

३ मे

नळ सिवर्टच्या हातात दिला. उलटसुलट करून बघितला, ओरखड्यांवरून नख फिरवलं. एकदम तापला. "भरलेल्या टाकीवर पाना मारलाय कुणीतरी! बाई, तुम्ही याला हात लावू नका. माझ्या बायकोला दाखवा. गुन्वोरला. ती असलं कधी करणार नाही." मग दाराकडे बघत म्हणाला, "बसा ना. येईलच ती एवढ्यात."