कापूस कोंबलेले बूट

रविवार, संध्याकाळ. नांदेड.

सहस्रकुंडाहून येऊन तासभर झाला, डोकं अजून तापलेलंच आहे. कोचिंग क्लासमध्ये शिकवणाऱ्या आमच्या दादाने सहलीसाठी त्याच्या लेकीला, मिनीला, डोंगर चढायचे बूट घेतले, तेही दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबला. म्हणे, "वाढत्या पायाचं लेकरू हाय." पहिलीतल्या पोरीला पाचवीची पुस्तकं आणणारा माणूस, बूट तरी मापाचे कशाला घेईल?

धबधब्याजवळच्या खडकांवर ती लंगडायला लागली. मी बूट काढले. कापूस ओला, टाचेचं सालटं निघालेलं. तिला खांद्यावर घेतलं तर दादा म्हणतो, "उतरव तिला. सवय होऊ दे. तुझ्यासारखं भटकून कुणाचं भलं झालं?" मी उतरवलं. का उतरवलं? त्याच्याच घरी जेवून राहिलो ना, म्हणून. दुसरं काय.

या घरात चालायची हौस असलेली ती एकटीच. रोज विचारायची, काका, आज कुठं जायचं? आत्ता म्हटलं, उद्या नदीवर जाऊ. वाळलेला कापूस परत बुटात भरत ती म्हणाली, "नको काका. बूट घालावे लागतील."